बुजगावण्याचा शर्ट

दौलतमामा,

तुझ्या शोकसभेत सगळ्यात लांब भाषण अध्यक्षांनी केलं. तुला हसू आलं असतं. त्यांनी तुझ्या फोटोला हार घातला, मामीच्या खांद्यावर शाल टाकली आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "मामा म्हणजे आपल्या नाट्यमंडळाचा खांब. असा ड्रेपरीवाला पुन्हा होणे नाही." वर्षभर तुझ्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस. मागे पडदा भाड्याचा होता, जांभळा, खाली चंदेरी झालर. ती झालर तू पाहिली असतीस तर आधी उठून ती काढायला लावली असतीस आणि मग मेला असतास.

मला बोलायला सांगितलं होतं. सचिव खुर्चीपाशी येऊन वाकून म्हणाला, "ताई, दोन शब्द." माझ्याकडे दोन शब्द नव्हते. संक्रांतीपासूनचं अख्खं भांडण होतं, आणि ते तुझ्याशी होतं, सभेशी नव्हतं. म्हणून मी बसून राहिले. ते इथे लिहिते.

सभा संपताना जाहीर झालं, की यंदा दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईला, तुझ्या स्मरणार्थ माझंच संगीत नाटक होणार. कपडेपट, सगळी ड्रेपरी, भाड्यानं येणार. उद्‌घाटक अध्यक्ष. सचिवानं बाहेर गाठून माझी परवानगी मागितली, तेव्हा मी म्हटलं, "शेवटच्या गाण्याला तो शर्ट असेल तर देते. नसेल तर नाही."

कोणता शर्ट, हे त्यानं विचारलं नाही. आमच्या गावात ते कुणालाच विचारावं लागत नाही. "पाहून सांगतो," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

मामा, तुला आठवतं का, मी पहिल्यांदा संहिता घेऊन तुझ्या दुकानात आले तेव्हा तू शाळेचे गणवेश कापत होतास. तोंडात तंबाखूचा खर्रा. मी तासभर वाचलं. तू कात्री चालवत राहिलास. वाचून झालं तेव्हा तू खर्रा थुंकून आलास आणि म्हणालास, "तुह्या बापानं तुले लहानपणी अंगडं नाही घातलं वाट्टे. पत्रक घातलं."

खरंच होतं. आमच्या घरी बाबांची पत्रकं असायची. बिडी कामगारांची, रोजगार हमीची, तलावाच्या पाण्याची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. उरलेले गठ्ठे तू घेऊन जायचास आणि त्यांच्या पाठीवर मापं काढून नमुने कापायचास. गावातल्या अर्ध्या पोरांच्या कॉलरचा नमुना 'आता तरी जागे व्हा' या ओळीवर कापलेला होता. बाबा चिडायचे. तू म्हणायचास, "भाऊ, कोणी वाचत नाही ते. मी निदान गळ्यात तरी घालून राहिलो."

नाटक कौसल्येचं होतं, गावातल्या मजुरणीचं. तिचं नाव घ्यायची सोय नव्हती म्हणून नाव बदललं, गाव बदललं, मालकाला कोट आणि मिशी दिली. पण करंट बदलला नाही. धान भरायला लागलं की रानडुकरं येतात, आणि मालक शेताच्या बांधाला, धुऱ्याला, तार बांधून तिच्यात करंट सोडतात. कौसल्या सकाळी गवताला गेली, ती अध्यक्षांच्या धुऱ्यावर मेलेली सापडली. पोलीस येईपर्यंत तार नव्हती. हृदयविकार लिहिला गेला. बाबांनी पत्रक काढलं. चौकात वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. त्याचं पुढे काय झालं ते त्या खिशांनाच माहीत.

मग मी नाटक लिहिलं. मंडळानं ते पास केलं, कारण अध्यक्ष वाचत नाहीत. त्यांना कुणी तरी सांगितलं, समाजप्रबोधनपर आहे, गाणी चांगली आहेत.

शेवटच्या गाण्यावरून आपलं पहिलं भांडण. माझ्या संहितेत मेलेली बाई उठते, लाल लुगड्यात मधोमध उभी राहते आणि गाते.

"लाल कायले?" तू विचारलंस.

"लाल म्हणजे विद्रोह, मामा."

"लाल म्हणजे लग्न. नाहीतर मग गॅसचं सिलेंडर."

"ते प्रतीक आहे."

"प्रतीकाले छाती किती घेऊ? उंची?"

मी चिडून उठले. तू मला बसवलं नाहीस. दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणालास, "मेली थे बाई. मग उठून गाणं कायले म्हणते? लोकायले मेल्यासारखी वाटू तं दे."

ड्रेपरी म्हणजे चमकी आणि मुकुट, असं मला तोवर वाटायचं. आमच्या झाडीपट्टीतल्या बहुतेक मंडळांना अजूनही तसंच वाटतं. एक ट्रंक येते, त्यात राजा असतो, नर्तकी असते, सासू असते. आपल्या गावात तू ते होऊ दिलं नव्हतंस. तू जवानीत स्त्रीपार्ट करायचास, तेव्हापासूनची तुझी रीत: मंडईच्या आधी घरोघर जायचं, अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, "रंगभूमीले एक कापड द्या बाई." कोण देईल, काय देईल, ते त्या घरानं ठरवायचं. नाटक झालं की कापड धुऊन, इस्त्री करून, वर मंडईच्या लाह्या ठेवून परत. म्हणून आपल्याकडे पडदा उघडला की बायका आधी गोष्ट बघत नसत, आपलं लुगडं शोधत. सापडलं की त्या लुगड्यात जे कोणी असेल त्याची काळजी त्यांना लागायची. विलन आमच्या शेजाऱ्याच्या धोतरात असायचा. तू मला सांगायचास, "भाड्याच्या कपड्यातला माणूस मेला तर मेला. आपल्या घरच्या कपड्यातला मेला तं गळा भरून येते."

कौसल्येच्या सासूकडे, शेवंताबाईकडे, तू कधी गेलास ते मला माहीत नाही. तालमीला आलास तेव्हा तुझ्या हातात पुरुषाचा एक जुना फुलबाहीचा शर्ट होता. मोठे चौकडे, पिवळे नि कथ्थी, उन्हानं विटलेले. रोवण्याला, धानाच्या लावणीला, जाताना बाया लुगड्यावर घालतात तसला. कौसल्या तो घालायची. ती गेली त्या दिवशी तो धुतलेला, दोरीवर वाळत होता, म्हणून राहिला.

साकोलीहून आणलेली गायिका नाक मुरडत होती. "हे घालून गाऊ? मी सेकंड हीरोईन दिसते यात."

"बाई, तू हीरोईन नाहीस," तू म्हणालास, "तू मजूर आहेस. मजुरी जास्त घेऊन राहिली एवढंच."

आणि मग तू त्या एका शर्टात तीन गाणी बसवलीस. रोवण्याच्या गाण्यात बाह्या कोपराच्या वर, लुगड्याचा काठ चिखलात बुडवून वाळवलेला, कारण ओला चिखल दिव्याखाली दिसत नाही, वाळलेला दिसतो. मालकाच्या ओसरीवर ती मजुरी मागायला जाते त्या गाण्यात बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचं बटण लावलेलं. "मागाले गेली का बाई अंग झाकते," तू म्हणालास. गायिकेला काही शिकवावं लागलं नाही. बटण लावलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. ती चाल आमच्या पेटीवाल्याला महिनाभर सापडत नव्हती, ती त्या बटणानं सापडली.

शेवटच्या गाण्यात ती नव्हतीच. नुसतं बांबूचं बुजगावणं, त्याला तो शर्ट. बाह्या आडव्या ताणलेल्या, बटणं उघडी, आत काही नाही. कोरस भोवतीनं कापणी करतो आणि गातो. माझं तिथे पानभर भाषण होतं. तू म्हणालास, "इथं बोलू नको. बांबूले बोलू दे." मी ते पान काढलं. एवढं मोठं काही मी तोवर कुणाच्या सांगण्यावरून काढलं नव्हतं. बाबांच्याही नाही.

मागच्या मंडईतल्या प्रयोगाला गाव लोटलं होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेत. दोन गाणी वन्स मोअर घेऊन गेली. मग दिवे आले आणि बुजगावणं उभं होतं. कोरसनं पहिली ओळ घेतली, आणि बायकांच्या बाजूनं कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "थो तं फ्लेक्सवरचा शर्ट व्हय."

मलाही तेव्हाच दिसलं. बाईच्या अंगावर तो मजुरणीचा होता. बांबूवर चढला आणि पुन्हा मालकाचा झाला. अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दोन पावसाळे बसस्टॉपवर होता, हात जोडून, त्याच शर्टात. जुना झाल्यावर त्यांच्या घरून तो कौसल्येला कामाला घालायला दिला गेला होता. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, कोट नि मिशी दिली होती, आणि तू ते सगळं एका खांद्याच्या शिवणीनं परत गावात आणलंस. गाणं संपलं तेव्हा टाळी पडली नाही. अध्यक्षांनी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले. "तुला माहीत होतं?"

"मीच शिवला होता थो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुले सांगितलं असतं तं तू पत्रक काढलं असतं."

त्या दिवशी मी तुझ्या पाया पडले होते. मी कुणाच्या पाया पडत नाही, तुला ठाऊक आहे. तू म्हणालास, "हो बाजूले, शिलाईमशीनचं तेल लागंल," आणि तोंड फिरवलंस. तो क्षण माझ्याकडे आहे. त्याच्यावर मी पुढचं काही ओतू देत नाही.

कारण पुढचं कडू आहे. शाळेच्या गणवेशांचं काम तुझ्याकडून गेलं. त्याचं तुला काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी तू माप घेत राहिलास. पण कापणीला शेवंताबाईला कुणी बोलावलं नाही. अध्यक्षांनी नाही, आणि अध्यक्षांचं पाहून इतरांनीही नाही. तिचा मुलगा बाहेरगावी कामाला, घरात ती एकटी. धान उभं होतं, बाया कमी पडत होत्या, आणि ती अंगणात बसून होती.

संक्रांतीनंतर एकोडीला दुसरा प्रयोग होता. पाहुणे म्हणून पुन्हा अध्यक्ष. मी विंगेत उभी होते. दिवे आले. बुजगावणं नव्हतं. साकोलीची गायिका मधोमध उभी होती, लाल लुगड्यात, त्याला टिकल्या लावलेल्या. मेलेली बाई उठून गायली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वन्स मोअर आला. अध्यक्षांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझेच शब्द होते, माझाच लाल होता, जो मी तुझ्याकडे मागितला होता आणि तू दिला नव्हतास. आता दिलास. मामा, त्याच्याहून वाईट काही तू मला करू शकला नसतास.

मागे ट्रंकांपाशी तू सुया डबीत भरत होतास.

"शर्ट कुठे आहे?"

"वापस देल्ला. धुऊन, इस्त्री करून."

"का?"

"तुले माहीत आहे काहून. शेवंताबाईले कोणी बोलावून नाही राहिलं."

"मग त्याच्यावर आणखी एक प्रवेश लिहीन मी."

"लिही. तुह्या प्रवेशानं तिची चूल पेटते का?"

"आणि टिकल्यांनी पेटते?"

तू डबी बंद केलीस. "पोरी, नाटक आपलं आहे. पोट तिचं आहे. तिच्या पोटावर मी शिवण नाही मारत."

"तिला विचारलंस?"

तू डबी ट्रंकेत ठेवलीस. विचारलं नव्हतंस. माझा राग तिथे आहे, मामा, अजूनही तिथेच आहे. तू घाबरलास असं मी गावभर म्हटलं नाही, पण घाबरलेल्यानं जे केलं असतं तेच तू केलंस, आणि त्याला दया हे नाव दिलंस. माझ्याशी बोलला नाहीस, तिच्याशी बोलला नाहीस. ज्या माणसानं आयुष्यभर अंगणात उभं राहून विचारलं, की बाई, कापड देता का, त्यानं ते कापड परत नेऊन ठेवताना मात्र विचारलं नाही.

आणि त्याचा उपयोग काय झाला? रोवणा आला. चिखल झाला, रोपांच्या मुंड्या बांधून झाल्या, बायांचे ट्रॅक्टर भरून गेले. शेवंताबाईला कुणी बोलावलं नाही. शर्ट गेला, गाणं गेलं, आणि काम आलंच नाही. हे मला तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं. मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. तू ते ऐकण्याआधी गेलास.

रोवण्याच्या दिवसांत आपण साकोलीच्या बसस्टॉपवर एकदा समोरासमोर आलो. मी स्कुटीवर, तू सुताच्या रिळांची पिशवी घेऊन. मी तोंड फिरवलं. तू जवळ येऊन म्हणालास, "नाही बोलत तं नको बोलू. थो दुपट्टा वर घे, चाकात जाऊन राहिला." मी दुपट्टा वर घेतला आणि निघाले. आपलं शेवटचं बोलणं ते.

मला वाईट वाटतं. पण त्या दिवशी मी बोलायला हवं होतं असं मला वाटत नाही. बोलले असते तर तू हसवून ते मिटवलं असतंस, जसं तू प्रत्येक भांडण मिटवायचास. काही भांडणं मिटू नयेत. मेलेल्या माणसाशी तर ती मिटवूच नयेत. आता सगळे तुला खांब म्हणतात, सरळ, गुळगुळीत. मला माझा वाकडा मामा हवा आहे, ज्यानं एकदा मालकाचा शर्ट बांबूला चढवला आणि पुढच्या प्रयोगाला स्वतःच उतरवला. दोन्ही तूच. मी एकही सोडणार नाही.

काल सचिवाचा निरोप आला. शर्टाची अडचण आहे म्हणे. पण अध्यक्षांनी मार्ग काढला आहे: नागपूरच्या ड्रेपरीवाल्याकडे छान चौकड्याचा नवा शर्ट आहे, तो चालेल का. म्हणजे शर्ट राहील आणि तो कुणाचाच नसेल.

आज दुपारी मी शेवंताबाईकडे गेले. तुझ्या जागी अंगणात उभी राहिले. मला तुझं ते वाक्य म्हणता येईना. तोंडात पत्रकाचीच भाषा येत होती. ती सुपात वाळलेली मोहफुलं निवडत बसली होती. अंगात तोच शर्ट. कॉलर पार झिजलेली, एका बाहीला ठिगळ.

"काय वं," ती म्हणाली, "उभी काहून? बस."

मी उभीच राहिले. "रंगभूमीला एक कापड हवं होतं, आजी. मंडईला मामाच्या नावानं नाटक आहे."

"कोणतं कापड?"

मी शर्टाकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून स्वतःच्या अंगाकडे पाहिलं, जणू तो अंगात आहे हे तिला आताच कळलं.

मी तिला सगळं सांगितलं. मागच्या वेळेला तुम्हाला कुणी कामाला बोलावलं नाही, म्हणून मामानं तो परत आणून दिला होता, तुम्हाला न विचारता. मी विचारायला आले आहे. नाही म्हणालात तर नाटक होऊ देणार नाही. माझं नाटक आहे, मी थांबवू शकते.

"दौलत वापस घेऊन आला तवा मले काय वाटलं माहीत आहे?" ती म्हणाली. "वाटलं, नाटकात बसला नसंल थो. बराबर दिसला नसंल." तिनं सुपातलं एक फूल फेकलं. "कामाचं म्हणशील तं थे तसंबी देत नाही अन् असंबी देत नाही. मले सांगाले पायजे होतं त्यानं."

"हो," मी म्हटलं.

"चांगला माणूस होता पण."

"हो."

तिनं सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "शर्ट नाही देत मी."

मी मान हलवली. मी ते कबूल करूनच आले होते.

"तुह्या बांबूले कायले देऊ? थंडी पडंल आता. मी घालून येतो. नाटकाले. तू मले पुढं बसव, त्या अध्यक्षाच्या बाजूले. मंग त्यायले काय नाचवाचं थे नाचवू दे. लाल नाचवू दे, हिरवं नाचवू दे."

मामा, पानभर भाषण माझ्याकडे नेहमी असतं. तेव्हा नव्हतं. मी विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "तू बसशील ना बाजूले?"

घरी येऊन मी सचिवाला फोन केला. परवानगी देते म्हटलं. नवा शर्ट आणा, लाल लुगडं आणा, झालर आणा, माझी काही हरकत नाही. तो इतका खूश झाला की मामाच्या आत्म्याला शांती मिळेल म्हणाला. मी म्हटलं, पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या लगत दोन खुर्च्या राखून ठेवा, एक लेखिकेची, एक तिच्यासोबतच्या बाईची. "ठेवतो ना ताई," तो म्हणाला. बाई कोण, हे त्याच्या मनातही आलं नाही.

तुझ्या मनात आलं असतं. तू असतास तर संध्याकाळपर्यंत दुकान सोडून माझ्या दारात आला असतास, खर्रा थुंकून म्हणाला असतास, पोरी, हे नको करू, म्हातारी एकटी राहते. आणि मी तुला स्कुटीवर बसवून तिच्या अंगणात नेलं असतं. या वेळी तुला आम्हा दोघींशी भांडावं लागलं असतं.